समुद्राजवळच्या इमारतीला स्टेनलेस स्टीलचं क्लॅडिंग: पहिल्यांदा करणाऱ्यांसाठी

आपल्याकडे स्टील कळत नाही असा माणूस सापडणार नाही. घरोघरी नाव घातलेले डबे, तांब्या-भांडं, ताटल्या. त्यामुळे रत्नागिरीजवळच्या एका चार मजली लॉजच्या मालकांनी जेव्हा मला विचारलं, "आईच्या लग्नातला डबा अजून चकचकीत आहे, मग भिंतीवरच्या पत्र्याला काय होणार?", तेव्हा मलाही ते पटलं. डबा रोज घासला जातो, हे आम्ही दोघंही विसरलो.

इमारत समुद्रापासून चालत दहा मिनिटांवर. क्लॅडिंगचं, म्हणजे भिंतीला बाहेरून पत्रा लावायचं, काम मेमध्ये संपलं, पावसाळा झकास गेला आणि जानेवारीत मालकांचा फोन आला: छज्जाखालच्या पत्र्यावर चहा सांडल्यासारखे तपकिरी ओघळ आलेत. गंमत म्हणजे पाऊस जिथे थेट झोडपतो ती नैर्ऋत्येची भिंत स्वच्छ होती. डाग होते ते आडोशाला. का, हे शोधायला आणि निस्तरायला पुढचं वर्ष गेलं. तुमचं ते वर्ष वाचावं म्हणून हे लिहितोय. मी आर्किटेक्ट आहे, धातुशास्त्रज्ञ नाही. आकडेमोडीसाठी तुमचा स्ट्रक्चरल इंजिनिअर लागेलच.

१. आधी जागा बघा, मग कॅटलॉग

स्टेनलेस स्टीलमध्ये किमान १०.५ टक्के क्रोमियम असतं. हवेतला ऑक्सिजन लागला की त्याचा काही नॅनोमीटर जाडीचा पापुद्रा पृष्ठभागावर तयार होतो. ओरखडा पडला तर तो आपोआप भरून येतो. या पापुद्र्याचा खरा शत्रू क्लोराइड, म्हणजे खारं वारं. मीठ साचलं, त्यावर दमट हवा बसली आणि ते धुतलं गेलं नाही, की पापुद्रा बारीक बारीक ठिकाणी फुटतो. ऑस्ट्रेलियात या तपकिरी डागांना चक्क 'टी स्टेनिंग' म्हणतात. आपल्या मालकांनाही चहाच आठवला होता.

तेव्हा कागद घेऊन साइटभोवती एक फेरी मारा आणि लिहून काढा: समुद्र किंवा खाडी किती लांब, वारा कुठून येतो, कुठल्या भिंतीला पाऊस थेट लागतो, कुठे छज्जा, बाल्कनी किंवा पार्किंगचं छत आड येतं. पाऊस न लागणारी प्रत्येक जागा लाल पेनाने रंगवा. कोकणात जून ते सप्टेंबर पाऊस फुकटात धुलाई करतो. उरलेले आठ महिने मीठ नुसतं बसत राहतं. केमिकलचे कारखाने किंवा क्लोरीन वापरणारा स्विमिंग पूल शेजारी असेल तर तेही लिहा.

२. ग्रेड ठरवा

इथे घाई करू नका. बाजारात तुमच्यासमोर साधारण पाच नावं येतील.

२०१ आणि २०२: निकेल महाग म्हणून ते कमी करून मँगनीज वाढवलेलं स्टील. नवं असताना हुबेहूब ३०४ सारखं दिसतं. बाहेरच्या भिंतीला नको. पुण्यातही नको.

४३०: यात निकेल जवळपास नाहीच, लोहचुंबक चिकटतं. घराच्या आतल्या पॅनेलला ठीक.

३०४: सुमारे १८ टक्के क्रोमियम, ८ टक्के निकेल. नाशिक, पुणे, नागपूर अशा समुद्रापासून लांबच्या शहरात, रासायनिक धूर नसेल तर चांगलं काम देतं.

३१६: यात २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम असतं आणि तेच क्लोराइडला तोंड देतं. मुंबई, रत्नागिरी, मालवण, पणजी इथे सुरुवात इथूनच करा. वेल्डिंग असेल तर ३१६ एल मागा. त्यात कार्बन ०.०३ टक्क्यांपेक्षा जास्त नसतो, त्यामुळे वेल्डच्या कडेला गंजाची सुरुवात होत नाही.

२२०५: याला डुप्लेक्स म्हणतात. २२ टक्के क्रोमियम, ३ टक्क्यांच्या आसपास मॉलिब्डेनम. लाटांचे तुषार थेट अंगावर येणाऱ्या इमारतीसाठी. ताकद जवळपास दुप्पट, त्यामुळे वाकवायलाही कठीण. फॅब्रिकेटरने, म्हणजे पत्रा कापून-वाकवून देणाऱ्याने, आधी हाताळलंय का, विचारा.

तुलना करायला एक सोपं सूत्र आहे: क्रोमियमची टक्केवारी, अधिक मॉलिब्डेनमच्या ३.३ पट, अधिक नायट्रोजनच्या १६ पट. ३०४ चं उत्तर १८-१९ च्या घरात, ३१६ चं २४ च्या आसपास, २२०५ चं ३५ च्या आसपास. आकडा मोठा तितका क्लोराइडचा मार जास्त सोसतो.

कोणीतरी तुम्हाला न्यूयॉर्कच्या क्रायस्लर बिल्डिंगचा दाखला देईलच. मलाही दिला होता. १९३० ची इमारत, शिखराचं स्टील आजच्या ३०४ च्या जातकुळीतलं, आणि अजून झळकतंय. खरं आहे. पण ते शिखर उंचावर उघडं आहे, न्यूयॉर्कमध्ये बाराही महिने पाऊस-बर्फ पडतो, शिवाय १९६१ आणि १९९५ मध्ये त्याची मोठी साफसफाई झाली. आपल्याकडे ऑक्टोबर ते मे आभाळ कोरडं. दमट, समुद्राजवळच्या शहरासाठी दाखलाच हवा असेल तर क्वालालंपूरच्या १९९८ च्या पेट्रोनास टॉवर्सचा घ्या. तिथे ३१६ आहे.

आमच्या लॉजला ३०४ लावलं होतं. तो निर्णय माझा होता, दोषही माझाच.

३. फिनिश: दिसण्याआधी धुतलं जाण्याचा विचार करा

पृष्ठभाग जितका खरखरीत, तितकं मीठ आणि धूळ धरून बसतं. समुद्राजवळ पृष्ठभागाचा खरखरीतपणा, ज्याला आरए म्हणतात, ०.५ मायक्रॉनच्या आत ठेवायला सांगा. 'मॅट' किंवा 'हेअरलाइन' एवढंच लिहून ऑर्डर दिलीत तर कुठल्या पट्ट्याने घासून देतील त्याचा नेम नाही. आकडा लिहून घ्या.

हेअरलाइन किंवा नंबर ४, म्हणजे बारीक रेषांचं फिनिश, घेतलंत तर रेषा उभ्या लावा. आडव्या रेषेत पाणी थबकतं, उभ्या रेषेतून ओघळून जातं.

मिरर फिनिशचा मोह टाळा, निदान मोठ्या आणि आतल्या बाजूला वळलेल्या पृष्ठभागावर तरी. लॉस एंजेलिसच्या वॉल्ट डिस्ने कॉन्सर्ट हॉलचं उदाहरण फ्रँक गेरींसारख्या दिग्गज आर्किटेक्टचं आहे. २००३ मध्ये हॉल उघडला आणि आरशासारख्या वक्र पॅनेलवरून परतलेल्या उन्हाने समोरच्या घरांतली माणसं आणि फुटपाथ भाजून निघाले. शेवटी २००५ मध्ये ती पॅनेलं घासून मंद करावी लागली. आपल्या गल्ल्या त्याहून अरुंद आणि मेचं ऊनही काही कमी नाही.

आणि एक फुकटचा सल्ला: जमिनीपासून पाच फुटांपर्यंत स्टील लावूच नका. तिथे काळा दगड किंवा ग्रॅनाइट घ्या. पानाच्या पिचकाऱ्या, निवडणुकीच्या पोस्टरची खळ, बाइकचं हँडल आणि हातांचे ठसे हे सगळं त्याच उंचीवर येतं.

४. जाडी, पॅनेल आणि वारा

जाडी मिलिमीटरमध्येच लिहा. 'सोळा गेज' म्हटलं की कोणाच्या तक्त्यात १.६ मिमी, कोणाच्या गोदामात १.५, आणि प्रत्यक्षात कॅलिपर लावला तर १.४. मोठ्या सपाट पॅनेलला मी आता १.५ मिमीच्या खाली जात नाही. वजनाचा हिशोब तोंडपाठ ठेवा: १ मिमी जाडीचा पत्रा चौरस मीटरला साधारण ८ किलो, म्हणजे १.५ मिमीचा १२ किलो.

नवख्या माणसाला वाटतं की काळजी वजनाची करायची. खरी ओढ वाऱ्याची असते. आयएस ८७५ या भारतीय मानकाच्या तिसऱ्या भागात (२०१५ ची आवृत्ती) मुंबईसाठी वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला ४४ मीटर दिलाय. ०.६ गुणिले ४४ चा वर्ग केला की चौरस मीटरला १,१६२ न्यूटन येतात, म्हणजे सुमारे ११८ किलो. पत्र्याच्या वजनाच्या जवळपास दहापट. उंची, परिसर, इमारतीचा आकार यांचे गुणक यात अजून धरलेलेच नाहीत, आणि इमारतीच्या कोपऱ्यांवर वारा पत्र्याला ढकलण्यापेक्षा बाहेर खेचतो. म्हणून कोपऱ्यातल्या पॅनेलला अँकर, म्हणजे भिंतीत रुतवलेले बोल्ट, दाट लागतात. हे गणित इंजिनिअरकडून करून, सही घेऊन फाइलला लावा.

दुसरी डोकेदुखी म्हणजे पत्र्याला येणाऱ्या लाटा. सपाट पत्रा सकाळच्या तिरप्या उन्हात बघितला की पापड भाजल्यासारखा दिसतो. उपाय: पॅनेल अरुंद ठेवा, चारही कडा दुमडून घ्या, मागून हनीकोंबचा (मधाच्या पोळ्यासारख्या जाळीचा) आधार द्या किंवा टेक्स्चर असलेला पत्रा घ्या. फार घट्ट आवळलेले स्क्रू हेही लाटांचं एक कारण असतं, आणि त्यावरून पुढचा मुद्दा येतो.

स्टील तापलं की लांबतं. ३१६ चं तीन मीटरचं पॅनेल डिसेंबरच्या पहाटे १८ अंशांवर आणि मेच्या दुपारी उन्हात ६५ अंशांवर असेल, तर लांबीत सव्वादोन मिमीचा फरक पडतो. त्यामुळे प्रत्येक पॅनेलला एकच जागा पक्की धरा, बाकी भोकं लांबट ठेवा. दोन पॅनेलमधली फट मी १० ते १२ मिमी ठेवतो. पत्रा आणि भिंत यांच्यात हवा खेळती हवी, आणि आत शिरलेल्या पाण्याला खाली बाहेर पडायला वाट हवी. सिलिकॉनने सगळं बंद करून टाकणं ही सवय आपल्याकडे फार आहे. आत पाणी जाणारच, ते धरून चाला.

५. मागचा सांगाडा आणि स्क्रू

माझ्या फसलेल्या कामातला निम्मा दोष इथे होता.

दोन वेगळे धातू एकमेकांना टेकले आणि मध्ये खारं पाणी आलं की त्यातला कमी दर्जाचा धातू झिजतो. स्टीलचा मोठा पत्रा आणि त्याला ॲल्युमिनियमचे छोटे रिव्हेट, ही सगळ्यात वाईट जोडी: पत्रा मोठा, रिव्हेट लहान, त्यामुळे सगळी झीज बिचाऱ्या रिव्हेटवर. पत्र्याला काहीच होत नाही, तो फक्त एक दिवस खाली येतो. याच्या उलट, ॲल्युमिनियमच्या मोठ्या सेक्शनला स्टीलचा स्क्रू चालतो, पण मध्ये नायलॉनचा किंवा ईपीडीएम रबराचा वॉशर हवाच. एमएसचा, म्हणजे साध्या लोखंडाचा, सांगाडा लावायचाच असेल तर गॅल्व्हनाइझ करून, म्हणजे झिंकचा थर चढवून, आणि स्टीलला टेकतो तिथे पट्टी घालून. जागेवर कापलेल्या आणि भोक पाडलेल्या कडांवरचं झिंक गेलेलं असतं, ते विसरू नका.

स्क्रू पत्र्याच्या तोडीचाच हवा. ३१६ च्या बोल्टच्या डोक्यावर 'ए४' असा ठसा असतो, ३०४ ला 'ए२'. दुकानदार 'एसएसचे सेल्फ ड्रिलिंग' म्हणून जे देतो ते बहुतेकदा ४१० ग्रेडचे असतात. ते कडक असतात, लोखंडात सहज शिरतात आणि समुद्राजवळ पहिल्याच वर्षी लाल होतात. आमच्या छज्जाखालचे निम्मे ओघळ अशाच स्क्रूंच्या डोक्यांपासून सुरू झाले होते. पत्र्याची नोंद मी बीओक्यूमध्ये, म्हणजे कामाच्या आणि मालाच्या यादीत, चार ओळींत लिहिली होती. स्क्रूपुढे फक्त 'एसएस' लिहिलं होतं.

आगीचा विचारही इथेच करा. लोखंडासारखंच स्टेनलेस जळत नाही, ते वितळायला सुमारे १,४०० अंश लागतात. धोका मागच्या पोकळीत असतो, ती धुराड्यासारखी काम करते. २०१७ मध्ये लंडनच्या ग्रेनफेल टॉवरमध्ये ७२ माणसं गेली. तिथलं क्लॅडिंग ॲल्युमिनियमचं होतं आणि त्याच्या पोटात पॉलिथिलीन, म्हणजे जळणारं प्लास्टिक, होतं. तुम्ही स्टीलचं कंपोझिट पॅनेल घेत असाल तर आत काय आहे ते विचारा. इन्सुलेशन रॉकवूलचं, म्हणजे दगडापासून केलेल्या लोकरीचं, घ्या आणि प्रत्येक मजल्याच्या स्लॅबशी आग अडवणारी पट्टी घाला.

६. खरेदी आणि तपासणी

मुंबईत गुलालवाडीत गेलात तर हवा तो पत्रा हव्या त्या फिनिशमध्ये मिळतो. पण कोपऱ्यावर '३१६' असं मार्करने लिहिलेलं असणं म्हणजे पुरावा नव्हे. मिलचं टेस्ट सर्टिफिकेट मागा आणि त्यावरचा हीट नंबर, म्हणजे स्टीलच्या त्या ओतीचा नंबर, पत्र्यावरच्या छापाशी जुळवून बघा. झेरॉक्सवर नंबर असतो, पत्र्यावर नसतो, असं झालं तर माल परत.

लोहचुंबक लावून ग्रेड ठरवणारे खूप भेटतील. त्यावर जाऊ नका. २०२ लाही चुंबक चिकटत नाही, आणि चांगल्या ३०४ च्या वाकवलेल्या कडेला थोडं चिकटतं. भाड्याने मिळणारं पीएमआय यंत्र हेअर ड्रायरसारखं दिसतं, पत्र्याला टेकवलं की काही सेकंदांत क्रोमियम, निकेल, मॉलिब्डेनम दाखवतं. प्रत्येक लॉटमधले काही पत्रे असे तपासा, नोंद ठेवा. कार्बन मात्र ते दाखवत नाही, म्हणून 'एल'साठी सर्टिफिकेटवरच विसंबावं लागतं.

सगळा पत्रा एकाच बॅचचा घ्या, पाच-सात टक्के जास्त. नंतर मागवलेला पत्रा शेजारी लावला की शेड वेगळी दिसते.

७. वर्कशॉपमध्ये

स्वतः जाऊन बघा. एकाच छपराखाली लोखंडी गेटं आणि तुमचं स्टील, शेजारी शेजारी ग्राइंडर चालू, असं चित्र असेल तर दुसरा फॅब्रिकेटर शोधा. लोखंडाच्या ठिणग्या स्टीलवर बसतात आणि दोन पावसांत लाल ठिपके उमटतात. ग्राइंडिंगची चाकं, ब्रश, टेबलावरचं कापड, सगळं स्टेनलेससाठी वेगळं हवं.

वेल्डच्या कडेला निळसर-सोनेरी पट्टा येतो. दिसायला सुंदर, पण तिथला संरक्षक थर कमजोर झालेला असतो. तो पिकलिंग पेस्टने काढतात. या पेस्टमध्ये नायट्रिक आणि हायड्रोफ्लोरिक ॲसिड असतं, गंमत नाही ती. हातमोजे, चष्मा, भरपूर पाणी आणि कॅल्शियम ग्लुकोनेटचं जेल हाताशी असल्याशिवाय कोणाला हात लावू देऊ नका. हे काम परांचीवर नको, वर्कशॉपमध्येच उरकून घ्या.

८. साइटवर लावताना

पूर्ण काम सुरू करण्याआधी एक कोपरा, एक खिडकी आणि एक सरळ पॅनेल एवढा नमुना भिंतीवर लावून घ्या. सकाळी आठला आणि संध्याकाळी पाचला बघा. वरून नळी सोडून पाणी कुठून बाहेर येतं तेही बघा. मगच सही करा.

पत्र्यावरच्या प्लास्टिक फिल्मवर बाण छापलेले असतात. सगळे बाण एकाच दिशेला. एक पॅनेल उलटं लागलं तर उन्हात ते वेगळ्याच रंगाचं दिसतं आणि मग सगळ्यांना फक्त तेच दिसतं. ही फिल्म उन्हात महिनोन्‌महिने ठेवली तर गोंद भाजून चिकटतो. पुरवठादाराने दिलेल्या मुदतीच्या आत काढा.

स्टील सगळ्यात शेवटी लावा. प्लास्टर, टाइल्स, रेलिंग, रंग, सगळं झाल्यावर. आमच्याकडे पत्रा लागल्यावर वरच्या मजल्यावर एमएसचं रेलिंग कापलं गेलं. उरलेल्या डागांतला काही भाग त्या कणांचा होता. आणि टाइल्सवरचं सिमेंट काढायला मिस्त्री जे 'ॲसिड' आणतो ते हायड्रोक्लोरिक असतं, म्हणजे क्लोराइडच. त्याचा एक ओघळ पत्र्यावरून गेला तर काळी रेघ कायमची. मी आता साइटच्या गेटवर पाटी लावतो: ॲसिडची बाटली आत आणायची नाही. सिमेंटचे शिंतोडे उडाले तर ओले असतानाच पाण्याने धुवा.

९. फाइलमध्ये काय हवं

मंजूर एलिव्हेशनचं, म्हणजे दर्शनी बाजूचं, ड्रॉइंग; स्ट्रक्चरल इंजिनिअरचं वाऱ्याचं गणित आणि जुनी इमारत सांगाड्याचं ओझं पेलेल असं त्यांचं पत्र; फॅब्रिकेटरचं शॉप ड्रॉइंग; मिल सर्टिफिकेट आणि पीएमआयची नोंद; स्क्रू-बोल्टची बिलं ग्रेडसकट; अँकर ओढून बघितल्याचा रिपोर्ट; दोघांच्या सह्या असलेला फिनिशचा तुकडा; अर्थिंगचा रिपोर्ट, कारण धातूची सगळी कातडी अर्थला जोडावी लागते. सोसायटी असेल तर सर्वसाधारण सभेचा ठरावही. मुंबईत इमारत ३० वर्षांपेक्षा जुनी असेल तर स्ट्रक्चरल ऑडिट तसंही कायद्याने लागतं, ते आधी करा. हेरिटेज यादीतल्या इमारतीला हात लावण्याआधी परवानगीचं विचारा.

१०. नंतरची धुलाई

हे कामाच्या खर्चातच धरा. वर चढायची सोय, म्हणजे गच्चीवरचे हुक किंवा पाळणा, ड्रॉइंगमध्येच असू द्या. समुद्राजवळ मी वर्षातून दोनदा सांगतो: जानेवारीच्या अखेरीस आणि एप्रिलच्या अखेरीस. लाल पेनाने रंगवलेल्या जागा दर दोन महिन्यांनी. लागतं काय? गोडं पाणी, साधा सौम्य साबण, मऊ कापड किंवा नायलॉनची घासणी. रेषांच्या दिशेने पुसायचं, वरून खाली, आणि शेवटी भरपूर पाणी. बोअरवेलचं पाणी खारट असेल तर टँकर मागवा. तारेची घासणी नको, ब्लीच नको, फिनाइलवाल्याकडचं 'सगळ्यावर चालतं' ते तर नकोच.

लॉजचं पुढे काय झालं, तर छज्जाखालचा सगळा पत्रा ३१६ चा केला, स्क्रू ए४ चे, आणि बाकीचं ३०४ घासून तसंच ठेवलं. वॉचमन दर दोन महिन्यांनी नळी मारतो. चार वर्षं झाली, ओघळ परतले नाहीत.

जास्तीचे तीन-चार पॅनेल सांभाळून ठेवा, फिल्म काढून, मध्ये कागद घालून, उभे. फक्त गच्चीवरच्या टाकीशेजारच्या खोलीत नको. तिथे टाकी धुवायची ब्लीचिंग पावडर ठेवलेली असते.